पोलिसांचे कागद, दोन रुपयांचे पान आणि साडेबाराशेची मागणी

मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावातून एका तरुणाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. वडील आठवडी बाजारातून रात्री मोटारसायकलवर परत येत होते. रस्त्यात उसाचे ट्रॅक्टर दोन ट्रॉल्यांसकट उभे होते, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. वडील जागीच गेले. फिर्याद चुलत्यांनी दिली. एफआयआरची प्रत मागायला गेले तर ठाण्यात दोनशे रुपये मागितले, पावती नाही. पुढे माहिती अधिकारात पंचनामे, जबाब आणि ठाणे दैनंदिनीचा उतारा मागितला. सत्ताविसाव्या दिवशी पत्र आले: जबाब ‘तपास सुरू असल्याने’ देता येत नाहीत, बाकीची 96 पाने हवी असतील तर ‘झेरॉक्स, शोध व मनुष्यबळ खर्च’ म्हणून 1,250 रुपये भरा. अपघाताला चार महिने झालेत. ‘हे पैसे भरावेत का? आणि नाही भरले तर कागद मिळतील का?’

दादा, पैशाकडे मी येतोच. आधी तारखेकडे बघा. मोटार वाहन कायद्याच्या कलम 166(3) मध्ये 2019 च्या दुरुस्तीने नुकसानभरपाईच्या दाव्याला अपघातापासून सहा महिन्यांची मुदत घातली आहे. तुमचे चार महिने गेले. माहिती अधिकाराचे अपील, त्यावरचा निर्णय, मग दुसरे अपील या वाटेने गेलात तर कागद हातात पडेपर्यंत मुदत उलटून गेलेली असेल. मी वीस-बावीस वर्षे तालुका आणि जिल्हा न्यायालयांत ही कामे करतो. शंभर-दोनशे रुपयांच्या वादात दाव्याची मुदत घालवून बसलेली माणसे पाहिली आहेत. त्यांचे म्हणणे खरे होते, पण दावा उशिरा लागला. म्हणून या आठवड्यातच मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज दाखल करा. सगळे कागद हाती असलेच पाहिजेत असे नाही. गुन्हा क्रमांक, ठाण्याचे नाव, वाहनाचा नंबर आणि वारसांची माहिती एवढ्यावर अर्ज उभा राहतो. उरलेले कागद न्यायाधिकरणामार्फत पोलिसांकडून मागवता येतात.

दावा कुठे लावायचा हेही सांगतो, कारण आपल्या भागात ही चूक फार होते. ऊसतोडीला सांगली, कोल्हापूर किंवा कर्नाटकात गेलेला माणूस तिकडे अपघातात गेला, की घरचे लोक तिकडच्या कोर्टाच्या खेपा घालत बसतात. कलम 166(2) प्रमाणे दावेदार जिथे राहतो तिथल्या न्यायाधिकरणातही दावा चालतो. बीड किंवा परभणीत राहणाऱ्या विधवेने सांगलीला जाण्याची गरज नाही. फक्त पोलिसांचे कागद तिकडच्या ठाण्यात असतात, आणि कर्नाटकातले असतील तर महाराष्ट्राचा कोर्ट फी स्टॅम्प तिथे चालत नाही. त्यांचे शुल्काचे नियम वेगळे आहेत.

आता मूळ मुद्दा. पोलिसांच्या कागदांबद्दलची बहुतेक भांडणे ‘देतात की नाही’ यावर होतात. मी माझ्याकडे येणाऱ्याला आधी विचारतो: हा कागद तुम्हाला कोणत्या नात्याने मिळतो? फिर्यादी म्हणून, पीडिताचे वारस म्हणून, आरोपी म्हणून, दावेदार म्हणून, की कोणीही एक नागरिक म्हणून? प्रत्येक नात्याचा दरवाजा वेगळा आणि त्याचा दरही वेगळा. काही दरवाजे फुकट आहेत. काहींना न्यायालयाची नक्कल फी आहे. माहिती अधिकाराचा दरवाजा सगळ्यांना उघडा आहे खरा, पण सगळ्यात संथ तोच. तुम्ही एकच दरवाजा ठोठावला, आणि तिथेही तुमच्याकडून चुकीचा दर मागितला गेला.

एफआयआर घ्या. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम 154(2) आणि 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 173(2), दोन्हींत प्रत विनामूल्य द्यायची असे स्वच्छ लिहिले आहे. जुन्या कायद्यात हा हक्क फक्त खबर देणाऱ्याचा होता. नव्या कायद्याने त्यात पीडिताचीही भर घातली, आणि पीडिताच्या व्याख्येत त्याचा कायदेशीर वारस येतो. म्हणजे फिर्याद चुलत्यांची असली तरी मुलगा म्हणून तुम्हाला स्वतःच्या नावाने प्रत मागता येते, आणि तुमच्या आईलाही. ‘फिर्यादीलाच घेऊन या’ हे उत्तर आता चालत नाही. दोनशे रुपयांना कायद्यात जागाच नाही. पुन्हा मागितले तर वाद घालू नका. साध्या कागदावर ‘कलम 173(2) प्रमाणे विनामूल्य प्रत मिळावी’ असा अर्ज लिहा, आवक शिक्का घ्या आणि एक प्रत पोलीस अधीक्षकांना स्पीड पोस्टाने पाठवा. आवक शिक्का पडलेला अर्ज ठाणे अंमलदाराच्या टेबलावर असला की बोलणे बदलते.

त्याआधी महाराष्ट्र पोलिसांच्या नागरिक पोर्टलवर बघा. सर्वोच्च न्यायालयाने 7 सप्टेंबर 2016 ला यूथ बार असोसिएशनच्या याचिकेत आदेश दिला की एफआयआर 24 तासांत संकेतस्थळावर टाकावी. जिथे इंटरनेटची अडचण आहे तिथे 48, फार तर 72 तास. लैंगिक गुन्हे, बालकांवरील गुन्हे, दहशतवादासारखी प्रकरणे वगळली आहेत. अपघाताची एफआयआर त्यात येत नाही. जिल्हा, ठाणे आणि तारीख निवडली की ती सापडायला हवी. मात्र गावाकडे नोंद झालेली तारीख आणि अपघाताची तारीख यांत एक-दोन दिवसांचा फरक असतो, तेव्हा पुढचे दोन-तीन दिवसही शोधा. त्याच निकालात आरोपीचीही सोय आहे. आपले नाव एखाद्या गुन्ह्यात असावे अशी शंका असलेला माणूस आपल्या प्रतिनिधीमार्फत प्रत मागू शकतो. त्याला न्यायालयाच्या नकलेइतकेच शुल्क पडते आणि प्रत 24 तासांत द्यायची असते. गावातल्या भावकीच्या भांडणात दोन्हीकडून गुन्हे दाखल होतात, तेव्हा ही सोय फार कामाला येते.

अपघाताच्या कागदांना आणखी एक वाट आहे आणि ती वापरणारे फार कमी. 1 एप्रिल 2022 पासून लागू झालेल्या केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे तपासी अधिकाऱ्याने 48 तासांत पहिला अपघात अहवाल आणि 90 दिवसांत सविस्तर अपघात अहवाल दावा न्यायाधिकरणाकडे पाठवायचा असतो. गोहर मोहम्मद प्रकरणात 15 डिसेंबर 2022 ला सर्वोच्च न्यायालयाने हे काटेकोर पाळायला सांगितले. तुमच्या अपघाताला चार महिने झाले, म्हणजे सविस्तर अहवाल न्यायाधिकरणात गेलेला असायला हवा. न्यायाधिकरणाच्या कार्यालयात जाऊन चौकशी करा. गेला असेल तर तुम्ही 1,250 रुपयांत जे मागताय त्यातले बरेचसे तिथे आहे, आणि कलम 166(4) प्रमाणे तो अहवाल स्वतःच दाव्याचा अर्ज म्हणून धरता येतो. गेला नसेल, तर ‘90 दिवसांचा अहवाल पाठवलेला नाही’ हीच तुमची अधीक्षकांकडची तक्रार. याशिवाय वाहनाचा नंबर, मालक, चालक आणि विमा एवढेच हवे असेल तर मोटार वाहन कायद्याचे कलम 160 आहे. भरपाईचा हक्क सांगणाऱ्याला ही माहिती ठरलेले शुल्क घेऊन देणे ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्यावर आणि नोंदणी प्राधिकाऱ्यावर बंधनकारक आहे. उसाच्या ट्रॅक्टरच्या प्रकरणात ट्रॉलीचाही नंबर आणि विमा विचारा. पुष्कळदा ट्रॅक्टरचा विमा असतो, ट्रॉलीचा नसतो, आणि विमा कंपनी नेमके तिथे बोट ठेवते.

मरणोत्तर पंचनाम्याचीही दुसरी जागा आहे. नव्या संहितेच्या कलम 194 प्रमाणे हा अहवाल 24 तासांत जिल्हा दंडाधिकारी किंवा उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे जायचा असतो. ठाण्यात ‘साहेब बंदोबस्ताला गेलेत’ हे तिसऱ्यांदा ऐकावे लागले तर प्रांत कार्यालयात अर्ज करा. वडिलांच्या नावावर जमीन असेल तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेखाली मृत्यूसाठी 2 लाख रुपये मिळतात, आणि तिथेही पोलिसांचेच कागद लागतात. ते काम कृषी कार्यालयातून चालते. दाव्याच्या निकालाची वाट न बघता तो अर्ज आजच करा.

आता माहिती अधिकाराचे उत्तर. त्यात दोन गोष्टी आहेत, नकार आणि शुल्क.

नकार माहिती अधिकार कायद्याच्या कलम 8(1)(ज) खाली आहे. या कलमाचे शब्द नीट वाचा. ज्या माहितीमुळे तपासाला, आरोपीला पकडायला किंवा खटला चालवायला अडथळा येईल, ती नाकारता येते. ‘तपास सुरू आहे’ एवढे पुरेसे नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने भगत सिंह प्रकरणात 3 डिसेंबर 2007 ला हेच सांगितले: तपास चालू असणे हे नकाराचे कारण होऊ शकत नाही, माहिती दिल्याने तपासाला अडथळा कसा येईल हे दाखवावे लागते. कलम 19(5) प्रमाणे नकार योग्य होता हे अपिलात सिद्ध करायची जबाबदारीही जन माहिती अधिकाऱ्याचीच. तुमच्या पत्रात ‘तपास सुरू’ आणि कलमाचा नंबर यापुढे कारणाची एक ओळही नाही. पहिल्या अपिलात हा मुद्दा पहिला घ्या.

तरी मनातले सांगतो. साक्षीदारांच्या जबाबांसाठी मी तुम्हाला लढायला लावणार नाही. ट्रॅक्टर रस्त्यात उभा होता हे सांगणारा साक्षीदार बहुधा तुमच्याच पंचक्रोशीतला असेल. त्याचे नाव दोषारोपपत्राआधी बाहेर आले आणि कारखान्याच्या मुकादमाने त्याला गाठले, तर नुकसान तुमचेच. दोषारोपपत्र गेले की जबाब येतातच. खटल्यात वकिलामार्फत हजर असलेल्या पीडितालाही नव्या संहितेच्या कलम 230 खाली कागद विनामूल्य द्यायचे आहेत, तेही आरोपी हजर झाल्यापासून 14 दिवसांत. घटनास्थळ पंचनाम्याचे तसे नाही. तो पंचांसमोर, उघड्या रस्त्यावर केलेला असतो. तो दिल्याने तपासाला काय अडथळा येणार? एका कागदात काही भाग झाकण्यासारखा असेल तर माहिती अधिकार कायद्याच्या कलम 10 प्रमाणे तेवढा झाकून उरलेला द्यायचा असतो. पूर्ण संचिका बंद करता येत नाही.

आणि शुल्क. महाराष्ट्राच्या नियमांत अर्जाला 10 रुपये आणि ए-फोर किंवा ए-थ्री पानाला 2 रुपये आहेत. टपालाने हवे असेल तर टपालाचा प्रत्यक्ष खर्च. 96 पानांचे होतात 192 रुपये. ‘शोध खर्च’ नावाचा आकार नियमांत नाही. मनुष्यबळाचा नाही. ज्या कर्मचाऱ्याला सरकार पगार देते त्याच्या वेळेचे पैसे अर्जदाराकडून घ्यायची तरतूद या कायद्यात कुठेच केलेली नाही. कलम 7(9) पुष्कळदा पुढे केले जाते, पण त्यात माहिती देण्याची पद्धत बदलता येते, उदाहरणार्थ प्रती देण्याऐवजी पाहणीला बोलावता येते. जादा पैसे आकारायचा अधिकार त्यातून निघत नाही. अर्जदार दारिद्र्यरेषेखालचा असेल तर शुल्कच नाही. रेशनकार्डावर नुसते न जाता यादीचा दाखला जोडा.

पत्र सत्ताविसाव्या दिवशी का आले असेल? तीस दिवस उलटले असते तर कलम 7(6) प्रमाणे सगळे फुकट द्यावे लागले असते. मुदतीत मागणीपत्र रवाना केले की तारखेचे घड्याळ थांबते आणि तुम्ही शुल्क भरता तेव्हाच पुन्हा चालू होते. पण याचा दुसरा अर्थ अर्जदारांच्या लक्षात येत नाही. सत्तावीस दिवस वापरून झाले आहेत. तुम्ही शुल्क भरलेत की त्यांच्याकडे तीनच दिवस उरतात. चौथ्या दिवशी विलंब सुरू. पाकिटावरचा टपालाचा शिक्का जपून ठेवा. पत्रावर एक तारीख आणि शिक्क्यावर आठवड्याने पुढची, असे मी अनेकदा पाहिले आहे. तसे असेल तर मुदत त्यांचीच उलटलेली असते.

मागणीपत्र कसे हवे हेही कायद्यात आहे. कलम 7(3) प्रमाणे रकमेचा हिशेब द्यायचा: किती पाने, काय दर, कसे गुणले. आणि ही रक्कम तपासून घेण्याचा तुमचा हक्क, त्यासाठी कोणाकडे, किती दिवसांत अपील करायचे, हेही लिहायचे. तुमच्या पत्रात एकरकमी आकडा आहे. तेव्हा असे करा. साधे पत्र लिहा: ‘96 पानांचे नियमाप्रमाणे 192 रुपये होतात, ते सोबत भरत आहे. उरलेल्या 1,058 रुपयांचा कलम 7(3) प्रमाणे हिशेब व नियमाचा आधार कळवावा.’ 192 रुपये रोख भरा आणि पावती घ्या. रोख घेत नसतील तर डिमांड ड्राफ्ट काढा. बँकेचे कमिशन रकमेला परवडत नाही हे मला माहीत आहे, पण ‘शुल्क भरलेच नाही’ म्हणून अर्ज निकाली काढण्याची वाट त्याने बंद होते. हातात, पावतीशिवाय, एक रुपयाही देऊ नका. पावती नसलेले पैसे तुम्ही भरले हे पुढे कोणाही प्राधिकाऱ्यापुढे सांगता येत नाही.

कोणी म्हणेल, हजार रुपयांसाठी एवढी खटपट कशाला, भरून मोकळे व्हा. दाव्याची मुदत आठवड्यावर आली असती आणि दुसरी कुठलीच वाट नसती, तर मीही ‘हरकत नोंदवून भरा’ म्हणालो असतो. तसा सल्ला मी दिलेला आहे. पण तुम्हाला न्यायाधिकरणाची वाट मोकळी आहे. आणि हा आकडा एकट्या तुमच्यापुरता राहत नाही. एका ठाण्यात साडेबाराशे चालले की पुढच्या बाईला, जिचा नवरा विहिरीत पडून गेला आणि जिला अकस्मात मृत्यूच्या नोंदीची चार पाने हवी आहेत, तिलाही तोच आकार सांगितला जातो. मी अशा एका बाईचे काम केले आहे. मजुरीचे खाडे करून ती चार पानांसाठी सहा वेळा ठाण्यात गेली होती. शेवटी आम्ही प्रती मागायच्या सोडून पाहणीचा अर्ज केला. पाहणीच्या पहिल्या तासाला शुल्क नसते. त्या तासात हवी ती चार पाने ओळखली, पानांचे नंबर लिहून घेतले, आणि 8 रुपये भरून प्रती घेतल्या. तुमच्या 96 पानांतही कामाची वीसेक असतील. पाहणी आधी मागा.

ठाण्यातल्या माणसांची बाजूही मला माहीत आहे. एकच हवालदार समन्स बजावतो, संगणकावर नोंदी भरतो आणि माहिती अधिकाराचे अर्जही सांभाळतो. सण, मोर्चा, निवडणूक आली की सगळे ठाणे बंदोबस्तावर. त्यातच काही अर्जदार भावकीतल्या वादासाठी दुसऱ्याच्या घरातले गुन्हे उकरून मागतात. असे अर्ज मी घेत नाही. 2025 च्या नोव्हेंबरपासून वैयक्तिक माहितीबाबतचे कलम 8(1)(ञ) बदलून अधिक कडक झाले आहे, तेव्हा तिऱ्हाइताची माहिती मागताना कलम 8(2) खाली मोठे सार्वजनिक हित दाखवावे लागेल. तुमचा अर्ज त्यात बसत नाही. स्वतःच्या वडिलांच्या मृत्यूचे कागद मागणारा तिऱ्हाईत नसतो, हे अपिलात ठळक लिहा. अर्ज एकाच विषयाचा आणि 150 शब्दांच्या आत ठेवा, राज्याच्या नियमात तशी मर्यादा आहे. ‘असे का केले’ असले प्रश्न घालू नका. कागदाचे नाव, गुन्हा क्रमांक, तारीख, बस्स.

दोषारोपपत्राबद्दल एक गैरसमज दूर करतो. एफआयआर संकेतस्थळावर येते म्हणून दोषारोपपत्रही यावे, अशी मागणी सर्वोच्च न्यायालयाने सौरव दास प्रकरणात 20 जानेवारी 2023 ला फेटाळली. ते सार्वजनिक दस्तऐवज नाही असे ठरले. न्यायालयात गेलेला कागद माहिती अधिकारात मागूनही उपयोग नाही, कारण 2020 च्या गुजरात उच्च न्यायालयाच्या प्रकरणात त्यासाठी न्यायालयाच्याच नक्कल विभागात जावे असे ठरले आहे. तिथे अर्ज, स्टॅम्प आणि पानाप्रमाणे फी. दर माहिती अधिकारापेक्षा जास्त पडतो, पण प्रमाणित नक्कल दाव्यात सरळ वाचली जाते.

अपिलाचे वेळापत्रक असे. मागणीपत्र मिळाल्यापासून 30 दिवसांत पहिले अपील, 20 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. अपिलीय अधिकारी कोण हे ठाण्यातल्या फलकावर असते. नसेल तर अधीक्षक कार्यालयाला पाठवा. तिथे काम झाले नाही तर 90 दिवसांत दुसरे अपील राज्य माहिती आयोगाच्या छत्रपती संभाजीनगर खंडपीठाकडे. किनवटहून किंवा उमरग्याहून रात्रभर एसटीने जाऊन दहा मिनिटांच्या सुनावणीला उभी राहणारी माणसे मी पाहतो. म्हणून अपिलाचा कागद असा लिहा की तुम्ही पोहोचला नाहीत तरी तो बोलेल: पावती, पाकिटाचा शिक्का, 192 चा हिशेब, 1,250 चे पत्र, सगळे क्रमाने जोडलेले. विलंबाला दिवसाला 250 रुपये, जास्तीत जास्त 25,000 दंड अधिकाऱ्याला होऊ शकतो. तो मागा, पण त्यासोबत कलम 19(8) खाली तुमच्या झालेल्या खर्चाची भरपाईही मागा, कारण दंडाचे पैसे सरकारजमा होतात, तुमच्या आईच्या हातात काही पडत नाही.

तुमचा क्रम मी असा लावतो. उद्या वकिलाकडे जाऊन दाव्याचा अर्ज. त्याच दिवशी न्यायाधिकरणात सविस्तर अपघात अहवालाची चौकशी. परवा ठाण्यात 192 रुपये, पत्र आणि पाहणीची मागणी. आईच्या सहीचा एफआयआरचा अर्ज वेगळ्या कागदावर, त्यावर वेगळा आवक शिक्का. पंचनामा हातात आला की त्यात ट्रॅक्टर रस्त्याच्या कोणत्या बाजूला, डांबराच्या आत किती फूट उभा होता आणि मागच्या ट्रॉलीवर रिफ्लेक्टर असल्याची नोंद आहे का, हे आधी वाचा. तुमच्या दाव्यात सगळ्यात जास्त खेचाखेच त्या दोन ओळींवरच होणार आहे.